ओझरचा एक महिना : विमानबांधणी आणि जयणा

वर्तमानपत्रात लढाऊ विमानाची बातमी येते ती बहुधा दोनच प्रकारची. एक तर विमान उडाले, नाहीतर विमान पडले. या दोन बातम्यांच्या मधे जो कारखाना असतो, तिथली माणसे, त्यांची पाळी, त्यांची हत्यारे, त्यांच्या सह्या, यांच्याविषयी आपल्याला फारसे वाचायला मिळत नाही. यंदाच्या पुष्पात त्या मधल्या जागेची ओळख करून घेऊ. कारखाना आहे हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडचा, म्हणजे ‘एचएएल’चा, नाशिकजवळच्या ओझरचा, आणि काळ आहे २५ सप्टेंबर ते २७ ऑक्टोबर २०२५, म्हणजे सुमारे एका महिन्याचा.

होमिओपॅथीच्या डॉक्टरने विमानांवर का बोलावे, आणि त्यातही जैन माणसाने लढाऊ विमानांवर का बोलावे, असे आपल्या मनात आले असेल. शंका रास्त आहे. पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. आमच्या शास्त्रात रोग्याची हकीकत बारकाईने घेण्यावर सारा भर असतो. विमानाचीही अशीच हकीकत लिहून ठेवतात, आणि ती ज्या काटेकोरपणे ठेवतात तो कोणत्याही डॉक्टरने शिकावा असा आहे. दुसऱ्या शंकेचे उत्तर मात्र थोडे लांबचे आहे. ते लेखाच्या ओघात देतो.

आधी गावाविषयी. ओझर म्हटले की आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना अष्टविनायकांपैकी विघ्नहर आठवतो. ते ओझर पुणे जिल्ह्यात, जुन्नरच्या बाजूला. आपले ओझर नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात, द्राक्षांच्या आणि कांद्याच्या मुलखात. दोघांत घोटाळा होऊ नये म्हणून लोक याला ‘ओझर मिग’ म्हणतात. एका रशियन विमानाचे नाव मराठी गावाला असे चिकटले की ते विमान निवृत्त झाले तरी नाव काही सुटणार नाही.

कारखाना कसा आला

एचएएलचा मूळ पुरुष आपल्याच मुलखातला, सोलापूरचा. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ साली सोलापूरच्या जैन कुटुंबात झाला. १९१९ साली त्यांनी सिंधिया ही स्वदेशी जहाज कंपनी उभारण्यात पुढाकार घेतला. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांनी विमानांचा कारखाना काढायचे मनावर घेतले. म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल दिले, आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ कंपनीची नोंदणी झाली. पुढे युद्धाच्या गरजेपोटी १९४२ साली सरकारने कारखाना आपल्या ताब्यात घेतला.

ओझरची कथा त्यानंतर वीस वर्षांनी सुरू होते. मिग-२१ विमाने विकत घेऊन पुढे ती भारतातच बांधायची, असा करार १९६२ साली सोव्हिएत संघाशी झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस चीनने आक्रमण केले आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. १९६३ साली ते लोकसभेवर निवडून गेले ते नाशिकमधून, आणि तेही बिनविरोध. मिगच्या बांधणीसाठी १९६३ साली ‘एरोनॉटिक्स इंडिया’ ही वेगळी सरकारी कंपनी स्थापन झाली. तिची कामे तीन ठिकाणी वाटली गेली : विमानाचा सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओरिसातल्या कोरापुटला आणि विजेची व इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. १ ऑक्टोबर १९६४ रोजी ही कंपनी आणि बंगळूरची जुनी कंपनी एकत्र करून आजची एचएएल तयार झाली.

भोपाळकरांना ही कथा ऐकताना काही ओळखीचे वाटेल. १९५६ साली नवे मध्यप्रदेश राज्य झाले, नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबे बाडबिस्तरा घेऊन इथे आली. त्याच वर्षी ‘हेवी इलेक्ट्रिकल्स’ची स्थापना झाली आणि पिपलानी, बरखेडा, गोविंदपुऱ्यात कारखान्याची वसाहत उभी राहू लागली. तिथेही सुरुवातीला परदेशी नकाशे आणि परदेशी तंत्रज्ञ होते. फरक एवढाच, की ते रशियन नसून इंग्रज होते. भोंग्यावर चालणारे घर, पाळीनुसार ठरणारी जेवणाची वेळ, वसाहतीतला गणेशोत्सव, हे सारे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे. ओझरची वसाहत याच घराण्यातली आहे असे समजा.

परवान्यावर बांधणी म्हणजे काय

‘परवान्यावर विमान बांधले’ या एका वाक्यात चार पायऱ्या दडलेल्या असतात. पहिल्या पायरीवर तयार विमान येते. दुसरीवर मोठे मोठे भाग येतात आणि ते इथे जोडायचे. तिसरीवर सारे सुटे भाग पेट्यांतून येतात. चौथ्या पायरीवर येतात धातूचे पत्रे, ठोकळे, सळया, आणि त्यातून प्रत्येक भाग इथेच घडवायचा. स्वयंपाकाच्या भाषेत सांगायचे तर पहिल्या पायरीवर डबा बाहेरून येतो, आणि चौथ्या पायरीवर धान्य निवडण्यापासून सारे घरात होते. पण पाककृती मात्र चौथ्या पायरीवरही दुसऱ्याचीच असते. मीठ किती घालायचे हे बदलायची मुभा नसते.

ओझरने ही चौथी पायरी १९७० साली गाठली. पुढे याच ठिकाणी मिग-२१ ची नवी रूपे आली, मग मिग-२७ बांधले गेले, जुन्या मिग-२१ ना नवी उपकरणे बसवून त्यांचे ‘बायसन’ झाले, आणि या शतकाच्या सुरुवातीपासून सुखोई-३० येथे बांधले जाऊ लागले. वायुदलासाठी घेतलेल्या २७२ सुखोईंपैकी २२२ एचएएलने पुरवली.

म्हणजे ओझरच्या माणसांचा हात साठ वर्षे चालता होता. पण नकाशा परका होता. २०२५ च्या त्या महिन्यात बदलले ते हेच.

महिन्याची दिनदर्शिका

आता तारखा क्रमाने पाहू.

२५ सप्टेंबरला संरक्षण मंत्रालयाने एचएएलशी ९७ तेजस मार्क-१ए विमानांचा करार केला. किंमत ६२,३७० कोटी रुपयांहून अधिक. त्यात ६८ विमाने एका आसनाची आणि २९ दोन आसनांची. याआधी फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ विमानांचा करार झालेला होता. दोन्ही मिळून १८० विमाने झाली.

दुसऱ्याच दिवशी, २६ सप्टेंबरला, चंडीगडला मिग-२१ ला निरोप देण्यात आला. १९६३ साली हे विमान वायुदलात प्रथम दाखल झाले तेही चंडीगडलाच. बासष्ट वर्षांची सेवा तिथेच संपली. ज्या विमानासाठी ओझरचा कारखाना जन्माला आला, ते त्या दिवशी इतिहासजमा झाले.

१ ऑक्टोबरला खंडेनवमी होती. आपल्याकडे या दिवशी हत्यारांची, अवजारांची, यंत्रांची पूजा करतात. कारखान्यांतून यंत्राला झेंडूची माळ पडते. योगायोग असा, की एचएएलचा एकत्रीकरण दिनही हाच. आणि दुसऱ्या दिवशी, २ ऑक्टोबरला, दसरा आणि गांधीजयंती एकाच दिवशी आली. शस्त्रपूजेचा दिवस आणि अहिंसेचा दिवस दिनदर्शिकेच्या एकाच चौकोनात होते. या चौकोनाकडे आपण पुढे परत येऊ.

१७ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या दिवशी, संरक्षणमंत्री राजनाथ सिंह ओझरला आले. तेजस मार्क-१ए च्या तिसऱ्या उत्पादन साखळीचे आणि एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाच्या दुसऱ्या साखळीचे उद्घाटन झाले. ओझरला बांधलेले पहिले तेजस मार्क-१ए आकाशात झेपावले. उतरल्यावर त्याला दोन्ही बाजूंनी पाण्याच्या फवाऱ्यांची कमान करून सलामी देण्यात आली. तेजसच्या आधीच्या दोन साखळ्या बंगळूरला आहेत. ओझरची साखळी वर्षाला आठ विमाने देणार, आणि तिन्ही मिळून वर्षाला चोवीस, असे नियोजन आहे.

२४ ऑक्टोबरला बंगळूरला एचटीटी-४० च्या कारखानी उत्पादनातले पहिले विमान उडाले. नव्या वैमानिकाने पहिल्यांदा हात बसवायचा तो या विमानावर. अशा ७० विमानांची मागणी वायुदलाने मार्च २०२३ मध्ये नोंदवलेली आहे. आणि २७ ऑक्टोबरला मॉस्कोत एचएएलने रशियन कंपनीबरोबर एसजे-१०० हे प्रवासी विमान भारतात बांधण्याविषयी सामंजस्य करार केला. एचएएलने संपूर्ण प्रवासी विमान बांधले ते अॅव्हरो. ती बांधणी १९६१ साली सुरू झाली आणि १९८८ साली थांबली.

एका महिन्यात एवढ्या घडामोडी. त्या वाचताना छाती फुगते, आणि फुगावीही. पण डॉक्टर या नात्याने मला सवय अशी, की रोग्याचा चेहरा उजळला तरी नाडी पाहिल्याशिवाय मी कागद मिटत नाही. तेव्हा आता आत शिरू.

आत काय चालते

विमानबांधणीच्या दालनात सर्वांत आधी नजरेत भरतात त्या पोलादी चौकटी. त्यांना ‘जिग’ म्हणतात. विमानाचा प्रत्येक मोठा भाग, म्हणजे पुढचे धड, मधले धड, मागचे धड, पंख, हवा आत घेणारी नळी, अशा चौकटीत जखडून जोडतात. कारण पत्रा लवचिक असतो. हाताने धरून जोडला तर प्रत्येक विमान केसाएवढे वेगळे निघेल. चौकट भागाला ठरलेल्या जागेवरून हलू देत नाही. मोडलेले हाड सांधताना आपण जे प्लास्टर घालतो, त्याचेच हे अतिशय नेमके रूप समजा.

हे सारे भाग आता एकाच कारखान्यात घडत नाहीत. तेजसचे पंख कोइमतूरला लार्सन अँड टुब्रोकडे, मधले धड हैदराबादला व्हीईएम टेक्नॉलॉजीज या खाजगी कंपनीकडे, आणि पुढचे व मागचे धड आणखी दोन खाजगी कंपन्यांकडे होते. म्हणजे एका गावात घडलेला पंख दुसऱ्या गावात घडलेल्या धडाला ओझर किंवा बंगळूरला येऊन मिळतो. भोकाला भोक जुळलेच पाहिजे. लग्न जमवताना पत्रिका जुळल्या नाहीत तर शांत करता येते. इथे ती सोय नाही.

तेजसच्या सांगाड्याच्या वजनात सुमारे ४५ टक्के वाटा कार्बनच्या धाग्यांपासून केलेल्या मिश्र पदार्थांचा आहे. या पदार्थाला गंज लागत नाही, तो हलका असतो. पण धातूला तडा गेला तर तो बऱ्याचदा डोळ्याला दिसतो. या पदार्थाचे थर आतल्या आत सुटले तर वरून काही कळत नाही. म्हणून ध्वनिलहरी सोडून आतली तपासणी करतात. आपण पोटाची सोनोग्राफी करतो तोच हा प्रकार.

आणखी एक गोष्ट ऐकून आश्चर्य वाटेल. तेजस हे विमान मुद्दाम अस्थिर बनवलेले आहे. स्थिर विमान टांग्याच्या समजूतदार घोड्यासारखे सरळ जाते, पण चटकन वळत नाही. लढाऊ विमानाला झटकन वळता आले पाहिजे, म्हणून त्याचा तोल जाणूनबुजून नाजूक ठेवतात. तो सांभाळणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. वैमानिक दांडा हलवतो तेव्हा त्याचा हेतू विजेच्या तारांतून संगणकाकडे जातो, आणि संगणक पंखांवरच्या पट्ट्या सतत सूक्ष्म हलवत तोल राखतो. ही यंत्रणा एकाला चार अशी बसवलेली असते. एक बिघडली तरी बाकीच्या विमान सांभाळतात. १९८३ साली मंजूर झालेल्या या प्रकल्पाचे पहिले विमान ४ जानेवारी २००१ रोजी उडाले. मधल्या सतरा-अठरा वर्षांतला मोठा वाटा हे शिकण्यात गेला. परवान्यावर बांधणी करताना हे शिकावे लागत नाही. ते ज्ञान नकाशाच्या मालकाकडे असते.

आणि आता हकीकतीची गोष्ट. प्रत्येक विमानाचे स्वतःचे कागद असतात. कोणता भाग कोणत्या तुकडीतल्या धातूचा, कोणी बसवला, कोणी तपासला, कोणत्या तारखेला, हे सारे लिहिलेले असते. बसवणारा आणि तपासणारा ही दोन वेगळी माणसे असतात. पुढे किती तास उडाले, काय बदलले, याची भर त्यात पडत राहते. ठरलेले तास किंवा ठरलेली वर्षे भरली की विमान परत कारखान्यात येते, पूर्ण उघडले जाते, तपासले जाते आणि पुन्हा जोडले जाते. यालाच ओव्हरहॉल म्हणतात. सुखोईंसाठी हे काम ओझरला चालते. नवे विमान उडते तेव्हा मंत्री येतात, छायाचित्रे निघतात. ओव्हरहॉल होऊन विमान परत जाते तेव्हा कोणी टाळ्या वाजवत नाही. पण वैमानिकाच्या घरच्यांच्या दृष्टीने दोन्ही दिवसांचे महत्त्व सारखेच आहे.

हत्यारांचीही मोजणी असते. पेटीत प्रत्येक पाना, प्रत्येक पक्कड यांची आकृती कोरलेली खाच असते. काम संपल्यावर एक खाच जरी रिकामी दिसली तरी विमान पुढे जात नाही, ते हत्यार सापडेपर्यंत शोधायचे. शस्त्रक्रियेनंतर पोट शिवण्याआधी परिचारिका कापसाचे बोळे मोजते, त्याचेच हे भावंड. विसरलेला एक लहानसा पाना नियंत्रणाच्या सांध्यात अडकला तर काय होईल, हे सांगायला नको.

समारंभ आणि सुपूर्द

वाचकहो, इथे एक फरक नीट समजून घ्यावा. विमान उडणे आणि विमान वायुदलाकडे सुपूर्द होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२१ च्या करारानुसार पहिले मार्क-१ए विमान मार्च २०२४ पर्यंत मिळायचे होते. १७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरला पाण्याची कमान उभी राहिली, तेव्हाही त्या करारातले एकही विमान वायुदलाच्या ताब्यात गेलेले नव्हते. मे २०२५ मध्ये वायुदलप्रमुख अमरप्रीत सिंग यांनी एका जाहीर परिषदेत, मुदती पाळल्या जात नाहीत हे स्पष्ट शब्दांत सांगितले होते.

उशिराचे एक मोठे कारण इंजिन. तेजसचे इंजिन अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकचे, एफ-४०४. २०२१ साली ९९ इंजिने मागवली. पहिले मिळाले मार्च २०२५ मध्ये. आपले स्वतःचे ‘कावेरी’ इंजिन तेजससाठी व्हायचे होते, पण ते पुरेसा जोर देऊ शकले नाही आणि २००८ साली ते तेजसपासून वेगळे करण्यात आले. महिना संपल्यावर, ७ नोव्हेंबरला, नव्या ९७ विमानांसाठी आणखी ११३ अमेरिकी इंजिनांचा करार झाला. म्हणजे शरीर आपले झाले. हृदय अजून बाहेरून आणावे लागते. हे सांगण्यात कमीपणा नाही. इंजिनातली पाती जिथे फिरतात तिथली उष्णता त्या पात्यांच्या धातूच्या वितळणबिंदूच्याही वर असते. पात्यांतल्या बारीक छिद्रांतून थंड हवा खेळवून ती टिकवावी लागतात. हे कसब जगात मोजक्याच देशांना साधले आहे. पण कोणती गोष्ट आपली आणि कोणती नाही, हे नागरिकाला ठाऊक असावे.

किंमत कोण मोजते

आता ती दुसरी शंका, आणि दिनदर्शिकेतला तो चौकोन.

मिग-२१ च्या निरोपाच्या दिवशी त्याच्या पराक्रमाचे स्मरण झाले, आणि ते योग्यच होते. १९७१ च्या डिसेंबरात ढाक्याच्या राजभवनावर हल्ला करणारी विमाने मिग-२१ होती, आणि त्यानंतर दोनच दिवसांत शरणागती झाली. पण हिशोबाच्या दुसऱ्या रकान्यातही आकडे आहेत. २०१२ साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले, की सर्व प्रकारची मिळून ८७२ मिग विमाने घेतली, त्यांपैकी ४८२ अपघातांत गेली. त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ सामान्य नागरिक दगावले. अपघातांची कारणे अनेक असतात : यंत्र, देखभाल, प्रशिक्षण, पक्षी, हवामान, माणसाची चूक. मधल्या टप्प्याच्या प्रशिक्षणासाठी योग्य जेट विमान अनेक वर्षे उपलब्ध नव्हते, आणि कोवळी पोरे साध्या विमानावरून थेट मिगवर जात होती, हेही त्यातले एक कारण मानले जाते. एचटीटी-४० सारख्या साध्यासुध्या प्रशिक्षण विमानाच्या बातमीला मी महत्त्व देतो ते यासाठी.

पुण्याच्या गाडगीळ कुटुंबाचे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. त्यांचा मुलगा फ्लाइट लेफ्टनंट अभिजित सप्टेंबर २००१ मध्ये राजस्थानातल्या सुरतगडहून रात्रीच्या उड्डाणात मिग-२१ सह गेला. आई कविता गाडगीळ यांनी वर्षानुवर्षे विमानांच्या सुरक्षिततेचा प्रश्न लावून धरला, आणि आईवडिलांनी मुलाच्या नावाने ‘जीत एरोस्पेस इन्स्टिट्यूट’ काढली. शोक कशात रूपांतरित करावा, याचे हे उदाहरण मराठी घरांनी जपून ठेवावे असे आहे.

जैन श्रावकाचारात हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. मुद्दाम ठरवून केलेली ती संकल्पी. चूल, जाते, केरवारा यांत होते ती आरंभी. शेती, व्यापार, धंद्यात होते ती उद्योगी. आणि स्वतःच्या, कुटुंबाच्या, देशाच्या रक्षणासाठी नाइलाजाने करावी लागते ती विरोधी. मुनी चारही सोडतो. गृहस्थाने संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची आणि बाकीच्या तीन जमेल तेवढ्या कमी करायच्या. त्यामुळे देशाच्या रक्षणासाठी विमान बांधणारा कामगार आमच्या दृष्टीने धर्मबाह्य ठरत नाही. सोलापूरच्या वालचंदांनाही कोणी तसे म्हटले नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. ‘तत्त्वार्थसूत्रा’त उमास्वातींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमादावर, म्हणजे बेसावधपणावर, बोट ठेवले आहे. जीव गेला एवढेच पाहायचे नाही. तो निष्काळजीपणाने गेला का, हे पाहायचे. याच्या उलट जो गुण त्याला आमच्या घरांतून ‘जयणा’ म्हणतात. पाणी गाळून घ्या, दिव्याला झाकण घाला, पाऊल पाहून टाका. जयणा म्हणजे दर वेळी, कंटाळा न करता घेतलेली काळजी. तिला सुट्टी नसते.

हत्यारांच्या पेटीतली प्रत्येक खाच तपासणारा माणूस, तो कोणत्याही धर्माचा असो, जयणाच पाळत असतो. आणि ‘चालतंय, पुढे जाऊ द्या’ म्हणून सही करणारा माणूस, त्याच्या मनात कोणाला मारायचे नसले तरी, प्रमाद करत असतो.

भोपाळात बसून हे फार समजावून सांगावे लागत नाही. १९८४ च्या डिसेंबरातली ती रात्र आपण विसरलेलो नाही. त्या कारखान्यात सुरक्षेची साधने बसवलेली होती; गरज पडली तेव्हा ती चालू स्थितीत नव्हती. तिथे कोणाचाही संकल्प माणसे मारण्याचा नव्हता. संकल्प नसतानाही किती हिंसा होऊ शकते, हे या शहराइतके दुसऱ्या कोणत्या शहराला ठाऊक असेल? बॉम्ब वाहणारे विमान बांधणाऱ्या कारखान्यात जयणा असू शकते, आणि शेतीची औषधे बनवणाऱ्या कारखान्यात ती नसू शकते. कारखाना काय बनवतो, हा एक प्रश्न. कसा बनवतो, हा दुसरा. दुसरा प्रश्न आपण विचारायला विसरतो.

ओझरच्या त्या महिन्यानंतर चारच आठवड्यांनी, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, दुबईच्या विमान प्रदर्शनात कसरती करताना एक तेजस कोसळले आणि विंग कमांडर नमांश स्याल यांचा मृत्यू झाला. एका अपघाताने विमान वाईट ठरत नाही, जसे एका उड्डाणाने ते निर्दोष ठरत नाही. पण वसुबारसेच्या टाळ्या आणि दुबईचा धूर या दोन्ही गोष्टी एकाच वहीत लिहिल्या पाहिजेत. अपघाताची चौकशी शांतपणे, कोणाला झाकण्यासाठी नव्हे तर पुढचा जीव वाचवण्यासाठी व्हावी. जयणेचा हाही एक भाग आहे.

वाचणाऱ्याने काय करावे

अशा कारखान्याची बातमी पुढे केव्हाही वाचाल तेव्हा तीन प्रश्न स्वतःला विचारा, अशी विनंती आहे. पहिला : यात आपला नकाशा किती, परका किती? दुसरा : समारंभ झाला, पण सुपूर्द झाले का, आणि ठरल्या दिवशी झाले का? तिसरा : ज्यांनी ते उडवायचे, त्यांच्या प्रशिक्षणाची आणि देखभालीची बातमी सोबत आहे का? या तीन प्रश्नांमुळे अभिमान कमी होत नाही. तो कशाचा करावा हे कळते.

आणि आपल्या घरातले एखादे मूल पिपलानीत, इटारसीत, जबलपुरात किंवा ओझरला कारखान्यात लागले, तर पगार किती असे विचारण्याबरोबर त्याला हेही विचारा, की तुझी सही कशावर लागते? त्या सहीखाली कोणाचा तरी मुलगा बसून उडणार आहे, हे त्याला घरातूनच माहीत झाले पाहिजे. खंडेनवमीला हत्यारांना फुले वाहतो, त्या वेळी ती मोजून ठेवण्याचाही संस्कार झाला तर आपली पूजा पुरी झाली असे मी समजेन.